उस्मान मिस्त्रींचं विमान आणि माझा डबा

उस्मान मिस्त्रींचा विषय निघाला की मी वीस वर्षं लोकांना कांद्यांचा किस्सा सांगत आलो. लोक हसायचे, मीही हसायचो. त्यातली एक गोष्ट मात्र दर वेळी गाळली. आता पंचाहत्तरी उलटली, म्हणून ती लिहून टाकतो.

मिस्त्री आळेफाट्यावर ट्रकच्या लाकडी बॉड्या बांधायचे. त्यांच्या शेडसमोर माझं हार्डवेअरचं दुकान. पहिल्यांदा आले तेव्हा मी स्टूल पुढे केलं. त्यांनी ते उलटं करून चारही पाय हलवले, सुलटं केलं आणि वर चढून तीन उड्या मारल्या. मी बघतच राहिलो. "धरतंय," म्हणाले आणि बसले. मग चहाच्या कपाचा कान ओढून पाहिला. तो हातात आला. "बघा भाऊ, भाजला असता की तुमी," ते शांतपणे म्हणाले.

मुलीच्या, झुबेदाच्या लग्नात नवरदेव यायच्या आधी हे स्टेजवर नाचून आले. पाहुण्यांना वाटलं, बापाला आनंद झालाय. मला ठाऊक होतं, ते फळ्या तपासत होते.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी एकदा मी शेडमध्ये गेलो आणि दारातच थबकलो. ट्रकच्या जागी विमानाचा सांगाडा उभा होता. लाकडाचा, एका माणसापुरता. टपालानं परदेशातून नकाशे मागवून दोन वर्षं त्यांनी तो गुपचूप बांधला होता. जवळच्या आणे गावच्या पठारावरून उडवायचा बेत होता.

"मिस्त्री, पडलात तर?"

"मी पडंन, त्याचं काय न्हाई. पण खाली कुणाचा गोठा असंल, कुणाची बाई भांगलत असंल. तिनं काय केलंय?"

म्हणून सगळं लागतं त्याच्या चौपट भक्कम. लाकूड डिंकानं जोडलेलं, आणि डिंकावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. डिंकाचा प्रत्येक नवा डबा उघडला की आधी दोन छोट्या पट्ट्या जोडायच्या, आठवडाभर वाळवायच्या, मग शिकंज्यात धरून मोडायच्या. लाकूड फाटलं तर डबा पास. जोड सुटला तर डबा उकिरड्यावर. "लाकूड तुटावं, जोड नाय," हे ते दिवसातून दहादा म्हणायचे. मोडलेले तुकडे डब्याचं नाव लिहून भिंतीवरच्या फळीला ठोकलेले असत.

पंखाच्या मुख्य तुळईसाठी दोन डब्यांचा डिंक हवा होता. एकात राळ, दुसऱ्यात ती कडक करणारं औषध. "भाऊ, ताजा आणा," ते म्हणाले. मी हो म्हटलं आणि विसरलो. ते न्यायला आले त्या दिवशी माळ्यावर त्या दोन डब्यांचा एक जुना संच सापडला. दोन उन्हाळे पत्र्याखाली तापलेला. मुदत कधीच संपली होती. ताजा आणायला पुण्याला जायचा कंटाळा आणि शब्द गेल्याची लाज. मी थिनरच्या फडक्यानं झाकणावरची तारीख पुसली. तपासतीलच, असंही मनाशी म्हणालो.

महिन्याभरानं पंखाची परीक्षा ठेवली. उडताना हवा पंखाला खालून रेटते, म्हणून पंख उलटा करून लाकडी घोड्यांवर बांधला आणि आमच्याच कांदाचाळीतल्या गोण्या एकेक करून वर ठेवायला लागले. दर गोणीला मिस्त्री लाकडाला कान लावायचे. "बोलत नाय अजून. ठेवा." सगळा फाटा गोळा झाला होता.

चौपट सोडाच, दुप्पटही झालं नाही. कापड फाडल्यासारखा आवाज आला, पंख लांबीनं उकलला आणि कांदे गडगडत समोरच्या नाशिकच्या हमरस्त्यावर गेले. ट्रक थांबले.

"मिस्त्री, कांदं उडालं राव," कुणीतरी ओरडलं.

लोक पोट धरून हसत होते. मी हसू शकलो नाही. मिस्त्रींनी तुळईचा तुकडा उचलला. लाकूड गुळगुळीत, शाबूत. जोड सुटला होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. वाटलं, आता माझ्याकडे बघतील. ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले.

"मिश्रण चुकलं भाऊ. हात गेला माजा."

एक वाक्य बोलायचं होतं. मी कांदे गोळा करायला वाकलो.

पुढच्या महिन्यात त्यांनी शेड बंद केली. मला धक्काच बसला. "ज्याचा जोड सुटतो, त्यानं ट्रक तरी कशाला बांधायचा? रस्त्यावं माणसं असत्यात," म्हणाले. त्यानंतर जुन्नरला जावयाच्या दुकानात बसून राहायचे. मी भेटायला जायचो. दर वेळी वाक्य घेऊन जायचो आणि चहा पिऊन परत यायचो. स्टूलवर मात्र ते आता न तपासता बसत.

ते गेल्यावर झुबेदानं ती तुकड्यांची फळी माझ्याकडे आणून दिली. "अब्बा म्हणायचे, भाऊंना द्या. त्यांना यातलं कळतं."

फळीवर सगळे तुकडे मोडलेले. कोपऱ्यात एकच जोड अख्खा. खाली त्यांच्या पेन्सिलीतलं अक्षर: 'भाऊचा डबा. तपासायची गरज न्हाई.'

मी तो काढून दोन्ही अंगठ्यांनी हलकेच दाबला. आवाज न करता तो सुटला. लाकूड गुळगुळीत, शाबूत.

मिस्त्री, तुमचा हात चुकला नव्हता. तारीख मी पुसली होती.