हंबीररावांच्या घराचा धूर

हंबीररावांच्या घरातल्या नव्या चुलीला आठ दिवसांची मुदत होती आणि आज आठवा दिवस उजाडत होता.

चूल दिली होती कोल्हापूरच्या एका संस्थेच्या क्रांतीताईंनी. पत्र्याची, उभट, खाली काटक्या सारायला तोंड असलेली आणि मुख्य म्हणजे धूर न करणारी. राधानगरीकडच्या त्या वाडीत गॅस घरोघरी पोचला होता, पण तो पाहुण्यांच्या चहापुरता. भाकरी, कालवण, सगळं लाकडावर. त्या धुरानं हंबीररावांच्या सुनेला, शालूबाईला, चार वर्षांचा खोकला लावून दिला होता. डॉक्टरांनी धुरापासून लांब राहायला सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं होतं, "लांब म्हंजे किती? चूल तर हातभरावर हाय."

नवी चूल आल्यापासून ती रात्रभर न खोकता झोपत होती. ही चूल राहावी असं तिला इतकं वाटत होतं, की ती ते कुणापाशी बोलतही नव्हती. कारण आज क्रांतीताई कागद घेऊन येणार होत्या. त्यावर घरच्या कर्त्यानं सही केली तर चूल राहणार, नाहीतर परत जाणार. घरचा कर्ता म्हणजे हंबीरराव, आणि हंबीररावांचं मत साऱ्या वाडीला ऐकू जात होतं.

"च्याला वास न्हाई, भाकरीला चव न्हाई. घरात धूर न्हाई म्हंजे ते घर हाय का हापीस?"

त्यांचा खरा राग अंघोळीच्या पाण्याचा होता. नव्या चुलीवर मोठा तांब्याचा हंडा बसत नव्हता, त्यामुळं सात दिवस त्यांना पातेलंभर कोमट पाण्यावर भागवावं लागलं होतं. म्हणून शालूबाईनं आठव्या दिवसाचा बेत रात्रीच पक्का केला. आण्णांना, म्हणजे सासऱ्यांना, भरपूर झोपू द्यायचं, उठल्याबरोबर हंडाभर कढत पाणी द्यायचं आणि अंग शेकून मूड आला की सही घ्यायची. बेतात एकही खोट नव्हती.

पन्नास वर्षं हंबीरराव पहाटे सहाला दुधाची किटली घेऊन डेअरीवर हजर असत. आपल्याला आपोआप जाग येते, असा त्यांचा समज होता. खरं म्हणजे चूल पेटली की धूर माजघरात येई, त्यांच्या नाकात शिरे आणि ते शिव्या देत उठत. हे सात दिवस मुलगा विजयसिंह त्यांना हलवून उठवत होता. आज तो दुधाचा टँकर घेऊन तीनलाच इचलकरंजीकडं गेला होता. शालूबाईनं सासऱ्यांना हाक मारली नाही. पौषातली थंडी असल्यानं ते वाकळ डोक्यावरून घेऊन गाढ झोपले होते, आणि धुराविना नाक मोकळं झाल्यानं त्यांचं घोरणंही बंद पडलं होतं. तिनं दारासमोर तीन दगड मांडले, हंडा चढवला, लाकडं सारली आणि ती मागं गोठ्यात धार काढायला गेली.

समोरच्या घरात तानाबाई उठली. सकाळी देवाच्या आधी शेजाऱ्यांची छपरं बघायची तिची सवय होती. कुणाच्या कौलांतून धूर कधी निघाला, यावरून ती त्या घरचं भांडण, आजारपण आणि पाहुणे अचूक ओळखत असे. पण ती पंधरा दिवस लेकीकडं शिवाजी पेठेत राहून काल संध्याकाळीच परतली होती. नव्या चुलीचं तिला कुणी सांगितलं नव्हतं.

हंबीररावांच्या छपरावर धूर नव्हता. किटली ओट्यावर पालथी होती. आणि दारात तीन दगडांवर हंडा तापत होता. दारात तीन दगडांवर पाणी कुणाच्या अंघोळीला तापतं, हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काल संध्याकाळी हंबीररावांनी छातीवर हात ठेवून ढेकर दिलेला तानाबाईनं पाहिला होता. तो ढेकर आता तिला वेगळाच आठवू लागला. ती दबकत आत गेली, माजघरात डोक्यापर्यंत झाकलेला देह बघितला आणि तशीच डेअरीवर पळाली.

"गुंडू, हंबीरभावजी आलते का रं दूध घालाय?"

"न्हाई की. एवढ्या वर्सांत आजच खाडा."

"यायचं न्हाईत आता ते," तानाबाई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

गुंडूनं फॅट मोजायचं मशीन बंद केलं आणि वाडीच्या ग्रुपवर हंबीररावांचा फेट्यातला फोटो हार घालून टाकला. दहा मिनिटांत बहात्तर जणांनी हात जोडले. दोघांनी घाईत वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. एवढं झाल्यावर कोण थांबतो? कुणी बांबू तोडायला गेलं, कुणी मडकं आणलं. दोन घरांत कडू घासाचं पिठलं शिजायला लागलं. पुरुष अंगणात बसले आणि बायका आत स्वयंपाकघरात जाऊन टेकल्या.

गोठ्यात शालूबाईचा फोन वाजला. पलीकडून विजयसिंह हुंदके देत होता.

"शालू, टँकर वळवलाय मी. आण्णा कसं गेलं गं?"

"कुठं गेल्यात? झोपल्यात की."

"तसंच वाटतंय गं पयल्यांदा."

शालूबाई बादली टाकून घराकडं धावली. पण तिच्याआधी बाबालाल पोचला होता. बाबालाल म्हणजे हंबीररावांचा लहानपणापासूनचा दोस्त, तालमीतला जोडीदार आणि वाडीचा शिंपी. तो कुणाशी न बोलता सरळ माजघरात गेला, वाकळेतून बाहेर आलेले पाय धरले आणि मोठ्यानं रडायला लागला.

"बाबालाल, सोड," वाकळ म्हणाली. "गुदगुल्या हुत्यात."

पुढची पाच मिनिटं कोण कुठं पळालं, याचा हिशेब लागत नाही. मडकं आणणारा मडक्यासकट बांधावर सापडला. शेवटी सगळे परत जमले आणि झाला प्रकार तुकड्या-तुकड्यांनी हंबीररावांना कळला. आपल्या दारात मडकं, बांबू आणि गुंडूच्या मोबाइलमध्ये आपला हार घातलेला फोटो बघून त्यांचा पारा चढला. नेमक्या त्याच वेळी क्रांतीताई कागद घेऊन दारात उभ्या राहिल्या.

"या, बाई," हंबीरराव म्हणाले. "बरं झालं आलासा. तुमच्या ह्या चुलीनं मला जित्तेपणी मारलं. उचला ती आन न्या."

शालूबाईनं एकदा चुलीकडं बघितलं आणि मान खाली घातली. चूक तिचीच होती, आणि रात्रीचा खोकला पुन्हा तिच्याच वाट्याला येणार होता.

हंबीरराव चूल दाखवायला तरातरा स्वयंपाकघरात गेले. तिथं बारा-तेरा बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. चुलीवर सगळ्यांसाठी चहा उकळत होता. हंबीरराव एकेकीचा चेहरा बघत राहिले.

"तानाबाई, मी मेलो हुतो न्हवं?"

"व्हय की, भावजी."

"मग तुमच्या कुणाच्याच डोळ्याला पाणी कसं न्हाई?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तानाबाई ओशाळली.

"रडायलाच बसलतो की वो. पर काय केल्या डोळं भरंनात. आक्का गेल्या तवा बघा, हितं पाय ठिवल्याबरुबर धारा लागलत्या आमच्या." ती थांबली आणि चुलीकडं बघून म्हणाली, "तवा चूल धुपत हुती."

आक्का म्हणजे हंबीररावांची बायको. तिच्या मयताला सारी वाडी रडली, हे ते सहा वर्षं सगळ्यांना अभिमानानं सांगत आले होते. आणि त्याआधीची चाळीस वर्षं आक्का याच जागी बसून पदरानं डोळे पुसत भाकरी थापायची. धुरानंच असणार म्हणून त्यांनी कधी विचारलं नव्हतं. आता त्यांना फार वाईट वाटलं. ते वळले, तर मागं बाबालाल उभा होता. त्याची दाढी अजून ओली होती.

"तू कसा रं रडलास मग?"

"मी तर चुलीजवळ गेलोच न्हाई, हंब्या," बाबालाल म्हणाला.

हंबीररावांनी हात पुढं केला. "बाई, कागद आणा हिकडं. आन पेन बी द्या."

त्यांनी सावकाश, आडनावासकट सही केली. "ऱ्हाऊ दे चूल," ते म्हणाले. "कोण खरं रडतंय ते तरी कळंल. पिठलं कुणी आणलंय? मी अंघोळ करून येतो, मग वाढा. पाणी तापलंच हाय, वाया कशाला घालवायचं?"

ते टॉवेल खांद्यावर टाकून निघाले आणि उंबऱ्यात थांबले. शालूबाई भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि पदरानं डोळे पुसत होती. हंबीरराव माघारी आले. गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि चुलीच्या तोंडाशी नाक नेऊन त्यांनी नीट बघितलं. धूर नव्हता.

"काय झालं गं, शालू?" त्यांनी विचारलं.