देवकीवयनींच्या तीन गोळ्या

ग्रामसभा साडेदहाची होती आणि सव्वादहालाच देवकीचे कान तापायला लागले.

देवळासमोर बार नको, म्हणून तिने पंधरा दिवस घरोघरी फिरून सह्या जमवल्या होत्या. त्यात ती पार गळून गेली. शेजारच्या रूपालीने ताकदीसाठी जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची बाटली दिली आणि बजावलं, "रोज एकच, आणि जेवल्यार." आज बोलायचं होतं, म्हणून देवकीने तीन घेतल्या. तेही उपाशीपोटी.

सभागृहात बसेपर्यंत मान, हात, पाठ, सगळीकडे आग आणि खाज सुटली. तोंड पिकल्या रातांब्यासारखं लालबुंद झालं. तिचं नाव पुकारलं तेव्हा ती एका हाताने मान खाजवतच उठली.

"ह्यो बार..." ती थांबली. पाणी प्यायली. "ह्यो बार..." पुन्हा मान खाजवली.

बारचा परवाना मागणारा गौरेश मागून ओरडला, "वयनी, आधी सांगा, तुम्ही खंयच्या बारातून इलात?"

सभेत हशा पिकला. सह्या केलेल्या बायकासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. देवकीला रडू आलं, तर डोळेही लाल झाले.

"जल्मात थेंब लागाक नाय माझ्या तोंडाक!"

"मगे फुंकून दाखवा!" गौरेश म्हणाला.

बंदोबस्ताला आलेले हवालदार महादेव जीपमधून मशीन घेऊन आले. एरवी ते मशीन रस्त्यावर गाडीवाले दारू प्यायलेत का ते तपासायला असे. देवकीने जीव खाऊन फुंकलं. शून्य.

"मगे ह्यां काय?" महादेव तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

आरोग्यकेंद्रातली नर्स सायली पुढे आली. तिने देवकीच्या पिशवीतली बाटली काढून वाचली. "नायसिन! जास्त घेतल्यार आंग असांच लाल होता, खाज सुटता. किती घेतल्यात?"

"तीन."

"बसा. तासाभरात उतरतला. पण पुढची गोळी डॉक्टरांक विचारल्याशिवाय नाय."

देवकी बसली नाही. तिला कुठे बसवत होतं? दोन्ही दंड खाजवत ती म्हणाली, "हवालदारानू, मी फुंकलंय. आता बार होयो म्हणतत ते सगळे फुंकूंदेत. गौरेशापासून सुरुवात करा."

रविवार होता. बऱ्याच जणांचा शनिवार अजून संपला नव्हता. महादेव मशीन घेऊन मागच्या रांगेकडे निघाले, तसा कुणीतरी घाईघाईने ओरडला, "आधी हात वर करून 'बार नको' असो ठराव घेया! वेळ जाता!"

सेक्रेटरीने हात मोजले. एकमत. गौरेशने एका हाताने तोंडावर रुमाल गच्च धरला होता. त्याचा दुसरा हात वर होता.