हवेच्या पायांची गाडी

मला फक्त रिक्षा सांगून यायचं होतं. एवढंच.

आमच्या सासूबाई, सारजाबाई, गुडघ्यांच्या इलाजासाठी औरंगाबादला आल्या होत्या. गुलमंडीमागच्या आमच्या दोन खोल्यांत महिनाभर राहून त्यांचा जीव आंबला. तिकडं दौलताबादच्या पलीकडं वस्तीवर त्यांच्या मेंढ्या विणीला आलेल्या. "संक्रांतीच्या आत मला घरी न्या, जावईबापू. काळी मेंढी माझ्याबिगर कुणाला हात लावू देत नाय," हे त्यांचं रोजचं पालुपद. एसटीची पायरी त्यांना चढवत नव्हती, म्हणून आमची ही, म्हणजे वच्छला, म्हणाली, "अहो, एखाद्या रविवारची रिक्षा सांगून या."

मी निघालो आणि वाटेत कळलं की वाळूजच्या एका कारखान्यातला परदेशी साहेब मायदेशी चाललाय आणि आपली भली मोठी जीप स्वस्तात विकतोय. त्या दिवसांत वाळूजला रोज नवं धुराडं उगवत होतं, आणि आमच्यासारख्या कारकुनांना उगाच स्वप्नं पडत होती. मी नुसतं बघायला गेलो (असं मी अजूनही घरी सांगतो).

बटण दाबलं की काच आपोआप वर. कातड्याच्या खुर्च्या, आत गार वारा. हिरवट काचेतून बाहेरचं सगळं जग पाण्याखाली गेल्यासारखं शांत दिसत होतं. मी डोळे मिटले. वस्तीवर धूळ उडतेय, मेंढ्या बाजूला होताहेत, सासूबाई राणीसारख्या उतरताहेत आणि सगळी वस्ती म्हणतेय, "जावई असावा तर असा!" डोळे उघडले तेव्हा माझा प्रॉव्हिडंट फंड संपला होता.

साहेबाच्या ड्रायव्हरनं गाडी आमच्या बोळाच्या तोंडाशी आणून सोडली. (मला गाडी चालवता येत नव्हती. पण तो प्रश्न शेवटपर्यंत आलाच नाही.)

सकाळी पाहतो तर गाडी खाली बसलेली! पंक्चर नाही, काही नाही. चारी चाकं ठणठणीत, पण पोट जमिनीला टेकलेलं. सासूबाई काठी टेकत आल्या, गाडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गारठलंय."

"आई, ती गाडी आहे."

"मंग? बसलेलं जनावर वढून उठत नाय. आधी त्याचं काय दुखतंय ते इचारा."

विचारायला मी शहागंजचे जब्बार मिस्त्री आणले. ते अर्धा तास गाडीखाली होते. बाहेर आले ते टोपी काढूनच.

"साब, इसके पाँव में स्प्रिंग नै, हवा है. रबर के थैले. थैले फट गये, तो नवाबसाब बैठ गये."

"नवे थैले?"

"बंबई में मिलते. तुमची स्कूटर हाय ना? ती इका. एक पाँव येईल."

मी स्कूटर विकली. एक पाय आला. (पुढचा डावा. त्यानंतर गाडी एक खांदा उडवून बसू लागली.) उरलेल्या तीन पायांना मिस्त्रींनी ठिगळं लावली. मोठ्या गाडीचा मालक झाल्यापासून मी ऑफिसला पायी जाऊ लागलो.

मग आलं आरटीओ. गाडी साहेबाच्या नावावरून माझ्या नावावर व्हायची होती. रजेचा अर्ज लिहिताना मला शुद्ध मराठीचा झटका आला आणि मी लिहून गेलो, 'नामांतराच्या कामासाठी एक दिवसाची रजा मिळावी.'

विद्यापीठाच्या नामांतरासाठी मराठवाडा पंधरा-सोळा वर्षं धगधगत होता, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही! नामांतराच्या विरोधातल्या हेडक्लार्क काकासाहेबांनी अर्ज दोनदा वाचला आणि त्या दिवसापासून मला चहा विचारणं बंद केलं. शेजारच्या टेबलाचा पुंडलिक मात्र उठून आला. ऐन विशीत त्यानं मोर्चात लाठ्या खाल्लेल्या, जेल भोगलेली. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "त्रिंबकराव, उशिरा का होईना, आलात." त्याचे डोळे भरले होते. त्या डोळ्यांपुढं 'गाडीच्या' हा एवढासा शब्द माझ्या तोंडून फुटेना. मला फार लाज वाटली.

आरटीओत उत्तर मिळालं, "साहेबाची सही जुळत नाही. साहेबाला घेऊन या." साहेब केव्हाच विमानात बसून गेला होता.

संक्रांतीच्या आधीचा रविवार उजाडला. गाडी चालवणार होते जब्बार मिस्त्री. गाडी बसलेलीच होती, त्यामुळे सासूबाई पायरीबियरी न चढता आत जाऊन बसल्या. "लई गुणाची हाय, खाली बसून घेती," त्या म्हणाल्या. मिस्त्रींनी इंजिन सुरू केलं, मला स्टिअरिंगपाशी बसवलं आणि म्हणाले, "पंप हवा भरता. उठी तो निकलते. मैं चाय पी के आया."

इंजिन गुणगुणत होतं. शेजारी वच्छला, मागं सासूबाई. गार वाऱ्यानं त्यांचा डोळा लागला, आणि खरं सांगतो, माझाही लागला. बोळ विरघळून गेला. छावणी मागं पडली, मिटमिटा गावची झाडं गेली, दौलताबादचा किल्ला सावकाश आमच्याकडं चालत आला. कुठंतरी मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या. गाडी बोटभर उठली, दोन बोटं उठली. वच्छला माझ्याकडं बघून हसली. लग्नानंतर इतकी निवांत हसलेली मी तिला पाहिलीच नव्हती.

मग फुस्स.

गाडी बसली. पेट्रोलही संपलं होतं, आणि मिस्त्री चहावरून परतलेच नव्हते. जागचं तसूभर न हलता आम्ही टाकीत होतं नव्हतं तेवढं जाळलं होतं.

सासूबाई जाग्या झाल्या. "आली का वस्ती? मेंढी कुठंय माझी?" बाहेर गुलमंडीचा कापडवाला दुकानाची फळी काढत होता. त्यांचा चेहरा उतरला. आता उतरावं, तर गाडी इतकी खाली की त्यांचे गुडघे उठू देईनात.

तेवढ्यात सभेला निघालेला पुंडलिक दिसला. त्यानं नि त्याच्या सोबत्यानं सासूबाईंना अलगद बाहेर उचलून घेतलं. मग त्याचं लक्ष गाडीकडं गेलं. "ही कुणाची?"

मी सगळं सांगून टाकलं. अर्ज, आरटीओ, सही. पुंडलिक इतका हसला की त्याला बॉनेटचा आधार घ्यावा लागला.

"म्हंजे तुमचंबी नामांतर अडकलंय व्हय! बघू, आधी कुणाचं होतंय ते."

त्यानंच कोपऱ्यावरून रिक्षा आणली. तासाभरात सासूबाई वस्तीवर पोचल्या.

संक्रांतीला विद्यापीठाच्या नव्या नावाची बातमी आली. पुंडलिकनं ऑफिसात पेढे वाटले आणि माझ्या हातावर दोन ठेवले. "आमचं झालं, त्रिंबकराव. तुमचं?"

"साहेबाला पत्र टाकलंय," मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मेहुणा बिरू निरोप घेऊन आला. काळी मेंढी व्याली, जुळं झालं, सारजाबाई वेळेवर हजर होत्या.

"एक लई पळतंय. दुसरं उठवलं की उठतंय, हात काढला की फतकल घालून बसतंय. आईनं नावबी ठेवलंय त्याचं."

"काय?"

बिरूनं वच्छलाकडं पाहिलं, मग स्वतःच्या पायांकडं.

"त्रिंबक."

गाडी अजून साहेबाच्याच नावावर आहे. माझं नाव मात्र बिनसहीचं कोकराला लागलं.