खरातमामांची घडीची नळी

खरातमामांना भेटायला जाताना चष्मा घरी ठेवून जावा. नाहीतर तो तुमच्या नाकावरून गेलाच म्हणून समजा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. समोरचा बोलत असतानाच मामा हात पुढे करायचे, दोन्ही काड्या धरून चष्मा अलगद उचलायचे, वरच्या खिशातून एक पांढरं फडकं काढायचे, काचांवर "हाः" करून पुसायचे, उजेडाकडे धरून बघायचे आणि परत नाकावर बसवून द्यायचे. वर म्हणायचे, "आधी पूस, मग बघ." एकदा एक मोठे इन्स्पेक्टर आमच्या कारखान्यात पाहणीला आले होते. त्यांचा नंबर जबरदस्त. मामांनी चष्मा उचलल्याबरोबर ते बिचारे हवेत हात फिरवत "कौन है, कौन है" करत राहिले. आमच्या शेठना दरदरून घाम फुटला. मामा आपले शांतपणे काचा पुसत होते.

माझा स्वभाव मुळात तिखट. नोकरीच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या चष्म्याला हात घातला, तेव्हा मी ओरडलेच, "ओ, हे काय चाललंय?"

"मॅडम, तुम्ही ड्रॉइंग काढणार ना? ह्या काचेतनं? ह्यातनं हत्ती दिसायची मारामार, मिलिमीटर कुठला दिसायला!"

चष्मा परत डोळ्यांवर आला आणि खरं सांगते, समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशी मला बसल्या जागेवरून वाचता आली. मुकाट ड्रॉइंग काढायला बसले. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

साकीनाक्याच्या आत एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर आमचा गाळा होता. डॉक्टरांना लागणारे चिमटे, कात्र्या, नळ्या असलं बारीकसारीक काम. एक शेठ, मशीनवर चौघं, कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला मी आणि खरातमामा. मामा विशीत परभणीकडून आले आणि लेथवर उभे राहूनच म्हातारे झाले. आज मी अंधेरीच्या एका काचेच्या बिल्डिंगमध्ये बसते. एसी आहे, कॉफीचं मशीन आहे, पण तिथे मेलं कशालाच वास नाही. गाळ्यातल्या त्या तेलाच्या आणि तापलेल्या लोखंडाच्या वासाची मला अजून आठवण येते. मामा आता बदलापूरला मुलाकडे असतात. फोन केला की आधी विचारतात, "काचा पुसतीस ना?"

आता त्या नळीबद्दल. पोटात बघायला डॉक्टर तोंडातून दुर्बीण घालतात, ती तुम्हाला माहीत असेल. करंगळीएवढी जाड, लांबलचक काळी नळी, टोकाला कॅमेरा. आत रक्त असलं, चिकटा असला की तो काचेवर बसतो आणि पडद्यावर नुसता लाल चिखल दिसतो. नव्या महागड्या दुर्बिणीत धुवायची आणि ओढून घ्यायची चांगली सोय असते. जुन्या, बारीक दुर्बिणींची बोंब. काढा बाहेर, पुसा, परत घाला.

दोन वर्षांपूर्वी मामींची अशी तपासणी झाली. हॉस्पिटल लहान, दुर्बीण जुनी. डॉक्टर चांगले होते, पण आत रक्त होतं आणि काच काही स्वच्छ राहीना. एका सकाळी चार वेळा दुर्बीण आत गेली. मामा बाहेर बाकावर बसून होते. आत कोण जाऊ देणार? मामी बाहेर आल्या तेव्हा घसा इतका सोलवटला होता की त्यांना बोलता येईना. मामांनी विचारलं, "काय झालं?" त्यांनी नुसती चार बोटं दाखवली. पुढे त्या गेल्या, दुखणंच मोठं होतं. पण मामांच्या मनातून ती चार बोटं जाईनात. सगळे विधी उरकून ते गाळ्यात आले आणि थेट माझ्या टेबलापाशी उभे राहिले. "घडीची नळी काढता येती का गं कॉम्प्युटरवर?" एवढं सगळं त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं. नंतर गाळ्यात मामींचं नाव काढलं नाही.

त्यांच्या डोक्यात होतं ते असं. दुर्बिणीवर मोज्यासारखा चढवायचा एक पातळ जोड. त्याला दोन चपट्या नळ्या. एकीतून पाणी येऊन काच धुणार, दुसरीतून घाण ओढली जाणार. आत जाताना दोन्ही मिटलेल्या, म्हणजे दुर्बीण जाड होत नाही. आत गेल्यावर उघडायच्या, काम झालं की परत मिटायच्या.

"आत एकदा, बाहेर एकदा," मामा सांगायचे. "माणसाचा घसा काय चाळीचा जिना आहे, खाली-वर करायला?"

शेठ माणूस भला. पण बिल्डिंग पाडायला निघाली होती आणि दसऱ्याला गाळा रिकामा करायचा होता. "खरात, दशेरा तक जमलं तर जमलं. नंतर मशीन नाय, जागा नाय," ते म्हणाले. अंधेरीच्या एक डॉक्टरीणबाई येऊन बघायला तयार होत्या. म्हणजे दसऱ्याच्या आत नळी चालायला हवी होती. नाहीतर मामांचं ते 'एकदा' कायमचं राहून जाणार होतं.

पाण्याची नळी पहिल्या महिन्यातच जमली. ओढायच्या नळीने मात्र आमची वाट लावली. मिटणारी नळी हवी म्हणून ती मऊ केली, आणि मऊ म्हणून पंप लावला की तिचं तोंडच चिकटायचं. उसाच्या रसातली कागदी नळी शेवटी शेवटी कशी चपटी होते, तस्सं. मामा रोज नवीन जाडी करून बघायचे. पोटात काय काय असेल याचा विचार करून घरून डबे भरभरून आणायचे. सोमवारी ताक, मंगळवारी पिठलं, रक्त म्हणून बिटाचं पाणी. शेठ दारातूनच विचारायचे, "आज पार्टी छे?"

एका चतुर्थीला माझा उपास होता. भूक मरणाची. मामांच्या टेबलावर स्टीलच्या वाटीत साबुदाण्याची खीर दिसली. म्हटलं, मामांना माझा उपास आठवला, किती गुणाचे! तीन चमचे खाल्ले तोवर मामा धावत आले.

"अगं अगं! ती पंपातनं दोनदा जाऊन आलीय!"

मी चमचा टाकला. एखाद्याने माफी मागितली असती. मामा खुर्ची ओढून समोर बसले आणि गंभीरपणे विचारते झाले, "दाणे अख्खे लागले का मोडलेले?"

"मामा!!"

"नाही, सांग तरी. अख्खे असले तर नळी उघडी ऱ्हायली म्हणायची."

मोडलेले होते. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

मामांकडे एक घडीचा पेला होता. पूर्वी एसटीच्या प्रवासात लोक न्यायचे तसला, एकात एक बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या कड्यांचा. ओढला की पेला, दाबला की डबी. गाळ्यात काचेचे ग्लास असताना मामा जेवताना त्यातूनच पाणी प्यायचे आणि तो हटकून गळायचा. भाद्रपद संपत आला होता. त्या दिवशी तो माझ्या ताज्या ड्रॉइंगवर गळला आणि माझं टाळकंच सटकलं. "मामा, फेकून द्या तो भंगार पेला!"

मामांचं लक्षच नव्हतं. पेला उघडत होते, मिटत होते. शेवटी म्हणाले, "माधुरी, हा उभा कशावर ऱ्हातो गं?"

"कशावर म्हणजे? कड्यांवर."

"मग आपल्या नळीत कडी कुठाय?"

झालं! जेवण तसंच राहिलं. केसासारख्या तारेच्या कड्या करायच्या आणि मऊ नळीत आडव्या निजवायच्या, स्टँडवरच्या सायकली एकीवर एक कलंडतात तशा. बाहेरून दोरा ओढला की सगळ्या उभ्या राहतात आणि नळी उघडी धरतात. दोरा सोडला की परत आडव्या. मामा भिंग लावून त्या कड्या वळत बसायचे, मी ड्रॉइंग बदलत बसायची. इतक्या वेळा बदललं की फायलींना मी 'शेवटचं', 'खरंच शेवटचं' आणि 'आईशप्पथ शेवटचं' अशी नावं दिली होती.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. निम्मा गाळा रिकामा झाला होता, लेथ टेम्पोत चढला होता. बाईंनी सरावाचा रबरी पुतळा आणला होता. डोकं, मान, छाती आणि आत पोट. बाई बोलायला लागणार तोच मामांनी त्यांचा चष्मा उतरवला, पुसला, परत चढवला. मग आम्ही पोटात बिटाचं पाणी आणि खीर भरली.

दुर्बीण आत गेली. पडदा लालभडक. पाणी सोडलं, काच धुतली गेली. दोरा ओढला, पंप लावला आणि लाल पाणी सरसर उतरायला लागलं. मी टाळी वाजवणार एवढ्यात ते थांबलं. कुठेतरी साबुदाणा अडकला होता. पडदा परत लाल व्हायला लागला.

"काढा भायेर," शेठ म्हणाले. "साफ करून परत घालू."

"नाही!" मामा ओरडले. मामांना ओरडताना मी तेव्हाच ऐकलं. "परत नाही घालायची. बाई, दोरा सोडा. हां. आता ओढा."

कड्या निजल्या, उठल्या. दाणा सुटला आणि गपकन गेला. पडद्यावर रबराची एकेक गुलाबी वळी लख्ख दिसायला लागली. शेठ "अरे वा, अरे वा" करत डॉक्टरीणबाईंचा हात हलवत सुटले. सगळे पडद्याकडे बघत होते.

मामा कुठे दिसेनात. वळून बघितलं तर ते पुतळ्याच्या उशाशी उभे होते. त्याच्या रबरी कपाळावर हात ठेवून हळूहळू फिरवत होते. "झालं हं," ते म्हणत होते. "झालं. आता परत नाही."

मला रडूच फुटलं. जवळ गेले तर मामांच्या चष्म्याच्या काचा पार ओल्या झाल्या होत्या. गाळ्यातल्या सगळ्यांचे चष्मे त्यांनी पुसले, त्यांचा कधी कोणी पुसला नव्हता. मी दोन्ही काड्या धरल्या आणि अलगद उचलला. मी ओढणी धरली तर मामा मान हलवून म्हणाले, "त्यानं चरे पडतील." आणि खिशातलं ते पांढरं फडकं काढून माझ्या हातात दिलं. त्याला आजवर कुणाला हात लावू दिला नव्हता. "हिचं विहारात जायचं पातळ होतं. मऊ आहे."

मी काचा पुसल्या, उजेडाकडे धरून बघितल्या आणि चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. ते बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळले. त्यांनी हात वर केला आणि मला एक बोट दाखवलं.