माणिकअप्पांची ताटं

लग्नाला गेलेला माणूस आधी नवरा-नवरी बघतो, फार तर जेवणाची पंगत कुठवर आली ते बघतो. आमचे माणिकअप्पा आधी मांडवाच्या मागं जातात. तिथं उष्ट्याचा ढीग असतो. तो काठीनं उकरतात, आणि त्यात थर्माकोल नाहीतर चकचकीत कागदी ताटं दिसली की न जेवता सायकल काढतात. जाता जाता यजमानाला एवढंच विचारतात, "मंग हे जातं कुठं?"

मी मूळचा तुळजापूरचा. सास्तूरच्या शाळेत बदली झाली तेव्हापासून अप्पा माझे शेजारी. साठी उलटलेला सडाफटिंग माणूस. संपलेलं पेन मी खिडकीतून टाकलं आणि ते अप्पांनी पाहिलं, तशी आमची ओळख झाली. पेन त्यांनी परत आणून दिलं. सोबत तो प्रश्न होताच.

गेल्या निवडणुकीत एक उमेदवार पारावर आले होते. पाणी पिऊन त्यांनी प्लास्टिकची बाटली बाजूला ठेवली.

"मंग ही जाते कुठं?" अप्पा म्हणाले.

"कचऱ्यात, काका."

"आन् कचरा?"

"गावाबाहेर."

"गावाबाहेर माझं रान हाय." उमेदवारांनी बाटली उचलून गाडीत ठेवली. अप्पांनी त्यांना मत दिलं की नाही ते मात्र सांगितलं नाही.

हवा तापत चालली म्हणून देशोदेशीचे पुढारी कुठंतरी परिषदेला जमल्याचं त्यांनी पेपरात वाचलं, तेव्हा थेट दिल्लीला कार्ड टाकलं. मीच ते पेटीत टाकलं, म्हणून मजकूर पाठ आहे. 'तुम्ही तिकडं कशानं गेलात आणि जेवलात कशात, एवढंच कळवावे.' उत्तर आलं नाही. पुढाऱ्यांना दोष न देता अप्पा म्हणाले, "टपाल खातं लई ढिलं झालंय."

अप्पांकडं स्टीलची दीडशे ताटं आहेत. कुणाच्याही लग्नाला ती फुकट मिळतात. अट एकच, जेवणाऱ्यानं आपलं ताट आपण धुवायचं. जवळच्या गावाला ताटं बैलगाडीतून जातात. लांब असेल तर एसटीतून, कारण "एसटी तशीबी जाणारच हाय." अट ऐकूनच लोक पळ काढतात. शिवाय बरीचशी ताटं चेपलेली, वरण एका कडेला गोळा होतं. "अप्पा, ही ताटं रेड्यांनी तुडवली का हो?" असं मी एकदा विचारलं होतं. एरवी शब्दाला शब्द देणारे अप्पा तेव्हा नुसते अंगणात बघत राहिले.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं, गौरीचं, लग्न ठरलं. तुळजापूरला, घरच्या अंगणात. केटरिंगवाल्याला मी कागदी ताटं सांगून मोकळा झालो होतो. व्याह्यांना चेपलेल्या ताटात वाढायचं आणि वर ते धुवायला लावायचं, एवढी माझी छाती नव्हती. अप्पा आले, तेव्हा नकार तयारच ठेवला होता.

ते दारातच उभे राहिले. प्रश्न नाही, भाषण नाही. "लेकीचं लगीन हाय, सर," एवढंच म्हणाले. "ह्या साली ताटं एकदाबी भाईर पडली न्हाईत. न्हाय म्हणू नका." त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी केटरिंगवाल्याला फोन करून कागदी ताटं रद्द केली.

लग्नाच्या आदल्या दिवशी एसटीतून चार पोती उतरली. मागोमाग अप्पा. पंगत उठली तेव्हा राख आणि नारळाच्या शेंड्या घेऊन ते हौदापाशी बसले होते. नवऱ्या मुलाचे चुलते, मानाचा फेटा, मानाचं उपरणं, हातात खरकटं ताट. अप्पांनी त्यांच्या हातात शेंडी दिली. पोरं फोटो काढायला लागली, तसे चुलते रंगात आले आणि त्यांनी शेजाऱ्याचंही ताट घासून टाकलं.

शेवटी मी माझं घासायला बसलो. ताट पालथं केलं तर मागं टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं दिसली. 'चि. सुमन हिच्या विवाहानिमित्त.' खाली १९९३, सास्तूर जमीनदोस्त करणाऱ्या भूकंपाचं साल. मी दुसरं ताट बघितलं, तिसरं बघितलं. सगळ्यांवर तेच.

"धाकली बहीण," अप्पा हातातलं ताट घासत म्हणाले. "दिवाळीनंतर लगीन हुतं. ताटं आधीच आणली हुती. घर बसलं. माती उपसली तवा ताटं निघाली, सुमन न्हाय निघाली." ताट विसळून म्हणाले, "पडून राहिलेली बघवंनात, म्हणून लोकांच्या लग्नाला द्याया लागलो. मंग ते थर्माकोल आलं आन् ताटं पुन्हा घरात बसली. हवा-पाणी मला पेपरनं मागनं शिकवलं, सर. खरंच हाय ते. पर माझं भांडण आधीचं हाय."

रेड्यांवरून केलेली माझी थट्टा मला आठवली आणि मान वर करवेना.

गौरी सासरी जाण्याआधी मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आहेराच्या पैशांतून मला ताटं करून द्या."

पंधरवड्यानं पन्नास नवी ताटं घेऊन मी अप्पांच्या दारात उभा राहिलो.

"जीप करून आणली का?"

"एसटीनं."

"मंग ठीक हाय."

त्यांनी एक ताट उलटं करून डोळ्यांजवळ नेलं. 'चि. गौरी हिच्या विवाहानिमित्त.' अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग जुनी ताटं काढून खाली बसले आणि थर लावायला लागले. चेपलेल्या ताटांमध्ये एकेक नवं. जुनी जास्त होती, तरी पन्नासही नवी त्यांनी नीट वाटून घातली. मी म्हणालो, वेगळी ठेवा की, नवी आहेत, चरे पडतील.

"पडू द्या," अप्पा म्हणाले. "इतकी वर्सं एकलीच लोकांच्या लग्नाला जात हुती. आता जोडीला मैत्रीण हाय."