सहाशे पेरोग्या आणि शेजारचा पाइप

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्टेफाबाईंच्या स्वयंपाकघरातला नळ दोनदा खाकरला आणि गप्प झाला. रस्त्याखालून घरात येणारा पाइप गोठला होता. कॅनडातल्या विनिपेगच्या नगरपालिकेत फोन केला तेव्हा कळलं, की रांगेत आधीच चाळीस घरं आहेत. तोवर शेजाऱ्याच्या नळाला रबरी नळी जोडून पाणी घ्या. बाईंच्या एका बाजूला मोकळा प्लॉट होता आणि दुसऱ्या बाजूला आयनार. हा आयनार रेल्वेतून निवृत्त झालेला, एकटा राहणारा विधुर. त्याच्या बर्फ हटवायच्या यंत्रानं उडवलेला बर्फ बाईंच्या पायऱ्यांवर येऊन पडे, म्हणून तीन हिवाळे बोलणं बंद होतं.

"बर्फ वितळवून पिईन, पण त्याच्या दारात जाणार नाही," बाईंनी जाहीर केलं. त्यांचा नवरा ओरेस्त दोन दिवस शेगडीवर बर्फ वितळवत बसला. पातेलंभर बर्फातून कपभर पाणी निघे, त्यातही चिमणीची पिसं. तिसऱ्या दिवशी तो बायकोला न विचारता शेजारी गेला. आयनारनं मान डोलावली आणि संध्याकाळपर्यंत नळी जोडून झाली.

खरी पंचाईत तिथून पुढे झाली. इकडे बाईंनी नळ बंद केला, की तिकडे आयनारच्या घरातले सगळे जुने पाइप धाडधाड आपटत. दुसऱ्याच सकाळी तो कुंपणापाशी येऊन उभा राहिला.

"ओरेस्त, आठच्या आत चार वेळा फ्लश ओढलास. डॉक्टरला दाखवून घे."

मग रोजच बातमीपत्र सुरू झालं. बुधवारी आंघोळ कशी काय, काल भांडी जास्त पडली होती का, पाहुणे आले होते का? आयनार हे रागानं नाही, हवामान सांगावं तसं सांगे, आणि त्यानंच बाईंचं डोकं जास्त फिरे. त्या वाटीवाटीनं पाणी घेऊ लागल्या. ओरेस्तला सकाळचा कार्यक्रम वाचनालयात उरकण्याचा हुकूम झाला.

त्यात शुक्रवारी चर्चचं जेवण आलं. दरवर्षी बाई एकटीनं बटाट्याचं सारण भरलेल्या, करंजीसारख्या पण उकडलेल्या सहाशे पेरोग्या करत, आणि त्या जोरावर वीस वर्षं चर्चचं स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. त्या जागेवर चर्चमधल्याच नेट्टीचा कधीचा डोळा होता. पण सहाशे पेरोग्या म्हणजे दोन दिवस पीठ भिजवणं, बटाटे उकडणं, हात धुणं. आयनारच्या घराचा नगारा झाला असता आणि गल्लीभर हिशेब पोचला असता. गुरुवारी बाई गाडी काढून शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेल्या, गोठवलेल्या पेरोग्यांची तीस पाकिटं आणली आणि पेरोग्या काढून घेऊन रिकामी पाकिटं डिकीत दडवली. नळाला दिवसभर हात लावला नाही.

शुक्रवारी पेरोग्यांवर कांदा परतून घातल्यावर कोणाला काही कळलं नाही. लोक बोटं चाटत होते. एवढ्यात टाय लावून आयनार आत आला. पाण्याचे उपकार म्हणून ओरेस्तनं त्याला परस्पर बोलावलं होतं. बाईंच्या हातातला डाव जागीच थांबला.

नेट्टीनं नेमकी वेळ साधली. "स्टेफा, पाणी शेजारचं, तरी सहाशे? कसं जमवलंस गं?" मग आयनारकडे वळून म्हणाली, "तुम्हीच सांगा, तुमच्याच नळाचं पाणी ना?"

सगळं टेबल बघू लागलं. बाईंना आपली वीस वर्षं हातातून निसटताना दिसली. आयनारनं तोंडातला घास सावकाश संपवला.

"गुरुवारचं विचारताय? दिवसभर पाइप असे आपटत होते, की मला रेडिओ बंद करावा लागला. इतकं राबणारी बाई मी पाहिली नाही."

नेट्टी कोबीच्या गुंडाळ्यांकडे वळली. बाईंना भरून आलं. हा माणूस इतका भला असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. त्या स्वतः थाळा घेऊन आल्या आणि त्याच्या ताटात आणखी सहा पेरोग्या वाढल्या.

आयनार किंचित वाकला आणि हळूच म्हणाला, "पुढच्या वेळी निदान दोन-चारदा नळाची उघडझाप तरी करा, बाई. अगदीच काही आवाज नसताना खोटं बोलायचं म्हणजे मला फार जड जातं."