उन्हाळाभर बंद एसी

ऑगस्टात बहरीनमध्ये घरातला एसी बंद करून बसणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो एसी दुरुस्त करणारा होता.

इब्राहिमभाई राजापूरचे. बहरीनच्या सनद भागात आमच्या वरच्या मजल्यावर एकटे राहत. नोकरी सलमाबादच्या वर्कशॉपमध्ये. काचेच्या पेटीत वीतभर वाळू भरून त्यांनी मांडुळांची जोडी पाळली होती. लांबी हातभर, मी मोजलेली नाही. दिवसा ती वाळूत बुडालेली, वर फक्त डोळे. पिवळ्या पडद्यातून ऊन आत झिरपे, वाळू हलल्यासारखी वाटे, आणि थोडा वेळ बसलं की आपण समुद्राच्या तळाशी आहोत असा भास होई. "पाय आपटू नका, कांबळेसाहेब," ते कुजबुजत. "तिला दिवस गेलेत."

जूनमध्ये तिने अंडी घातली. इब्राहिमभाईंचा चेहरा उतरला. त्यांच्या गावचं मांडूळ जिवंत पिल्लं देतं, म्हणजे ही अंडी कच्चीच पडली. "खलास," म्हणत पिशवीत घालून ते टाकायला निघाले. जिन्यात म्हाताऱ्या बहरीनी घरमालकाने पिशवीत डोकावून सांगितलं, की इथलं मांडूळ अंडीच घालतं. भाई दोन-दोन पायऱ्या चढत परतले. अंडी ओलसर वाळूत, मिठाईच्या डब्यात ठेवली आणि गारठू नयेत म्हणून एसी बंद केला. पंखासुद्धा नाही, झोत लागेल म्हणे.

माझी बायको ताक पाठवी. तांब्या पोचवताना एकदा मी म्हटलं, सापासाठी एवढं?

लुंगीने मान पुसत ते म्हणाले, "तीन पोरं झाली साहेब, तिन्ही वेळा मी इथं. रजेवर गेलो तेव्हा रांगत होती. मला बघून रडायची."

ऑगस्टअखेर एका दुपारी त्यांनी मला हाक मारली. एका अंड्याला चीर पडली होती. इवलंसं नाक बाहेर आलं, थांबलं, जगाकडे बघत राहिलं. बाकीची अंडी वाया गेली होती.

संध्याकाळी त्यांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. कशाचे, ते सांगितलं नाही. लोकांनी हात धरून मुबारकबाद दिली. भाईंना घरी जाऊन दीड वर्ष झालं होतं, हा हिशेब माझ्याशिवाय कोणी केला नाही.

"मुलगा की मुलगी?" तळमजल्यावरच्या वहिनींनी विचारलं.

इब्राहिमभाईंनी त्यांच्यापुढे पेढा धरला. "ते कळायला वेळ लागेल, भाभी," ते म्हणाले. "पण या वेळी बघायला मी आहे."